पहिली खूण

सदानंद मगदूम यांना चालताना पावलं मोजायची खोड होती. त्यांचा पेशाच तसा. भूमी अभिलेख कार्यालयात तेहतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढली. गडहिंग्लज तालुक्यातले निम्मे बांध त्यांच्या पायाखालून गेले. पुढे खात्यात उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आली, तरी मगदूम आधी पायांनी मोजायचे आणि मग यंत्र काय म्हणतंय ते बघायचे. घर ते देऊळ चारशे बारा, घर ते गिरणी दोनशे साठ. स्वतःच्या लग्नात सप्तपदीच्या शेवटच्या पावलाला ते एवढ्या मोठ्यानं "सात!" म्हणाले होते की अख्खा मांडव हसला. वैजयंताबाई त्या दिवशी लाजेनं लाल झाल्या आणि पुढची सदतीस वर्षं त्या पुटपुटण्यावर चिडत राहिल्या.

"सरकारनं पेन्शन सुरू केली की हो. आता तरी मोजणी बंद करा," असं त्या म्हणायच्या. मगदूम मान हलवायचे आणि पुढचा आकडा म्हणायचे.

आता दोघं सोलमध्ये होते आणि मोजणी चालूच होती.

सोलची सहल ही मुलीची, तेजस्विनीची कल्पना. गेल्या दिवाळीत मगदूम आकाशकंदील आणायला बाहेर पडले आणि वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. तिथल्या लोकांनी चहा पाजला, फोन केला, म्हणून निभावलं. मग कोल्हापूरचे डॉक्टर झाले, मेंदूची चित्रं काढून झाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. वैजयंताबाईंनी ते एकदा ऐकलं आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. घरात त्याला विसराळूपणा म्हणायचं ठरलं.

तेजस्विनी पुण्यात असते आणि तिला कुठल्याही दुखण्यावर यंत्र सापडतं. या खेपेला सापडला तो वाटाड्या. कंपनीनं त्याला भलतंच अवघड नाव दिलं होतं. वाटाड्या हे आपल्याकडच्या पर्यटकांनी ठेवलेलं. कानामागे बसणारी, बोटभर रुंदीची मऊ पट्टी, बस्स.

त्यातली करामत समजायला सोपी आहे. आपल्या कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. मान वळली की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. कानामागच्या हाडावर अगदी सूक्ष्म वीज सोडली, तर पाणी न हलताही मेंदूला वाटतं की जमीन जरा एका अंगाला कलली. पाय आपोआप तोल सावरतात आणि माणूस वळतो. डॉक्टरांना हे शंभराहून जास्त वर्षं ठाऊक होतं. नवीन एवढंच की सोलच्या मेट्रोतला प्रत्येक खांब आणि प्रत्येक फाटक त्या पट्टीला वीतभर अचूकतेनं जागा सांगायचं, आणि पट्टी त्यानुसार पावलागणिक वीज कमीजास्त करायची. कुठं जायचं ते एकदा सांगितलं की झालं. नकाशा नको, पाट्या नकोत, कुणाला विचारणं नको. कुणी ढकलतंय असं वाटतच नसे. आपल्या मनानंच वळलो असं वाटायचं. बरोबरच्या माणसाची पट्टी आपल्या पट्टीशी जोडता यायची. तो ज्या बाजूला असेल त्या बाजूची मान किंचित ऊबदार राहायची.

अशी पट्टी विसराळू माणसाला शस्त्रक्रियेनं कायमची बसवायची सोय पुण्यात झाली होती. मगदूमांसाठी तारीख मिळाली होती. बुधवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता आणि सही वैजयंताबाईंची लागणार होती. सोलचे आठ दिवस ही त्याची रंगीत तालीम.

डॉक्टरांनी मात्र निघताना एक गोष्ट सांगितली होती. "त्यांची ती मोजणी मोडू नका. डोक्याचा जो भाग माणूस वापरतो, तो जरा जास्त टिकतो. खात्री देत नाही. पण टिकतो." वैजयंताबाईंनी ते ऐकलं होतं आणि दिवाळीतली ती पायरी आठवून बाजूला ठेवलं होतं. नवरा घरी परत येण्याशी त्यांना मतलब होता.

पहिल्या दिवशी विमानतळाच्या गाडीतून दोघं होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशनात उतरले. तिथून शहराला वेढा घालणारी हिरवी लाइन पकडायची होती. वैजयंताबाई पट्टी सांगेल तशा झपाझप निघाल्या. मगदूम एका खांबापाशी थांबले. खांबाला फिकट हिरव्या फरश्या होत्या आणि त्यातल्या एकीचा टवका उडाला होता. त्यांनी तळहात त्या टवक्यावर ठेवला.

"काय झालं हो?"

"ही आपली पहिली खूण," मगदूम म्हणाले. "मोजणी सुरू करायची तर दगड पाहिजे की. मोजता मोजता चुकलो तर मधनंच सुरू करायचं न्हाई. पहिल्या खुणेवर परत यायचं."

"इथं काय कुणाचं शेत मोजायचंय? चला." आणि त्या निघाल्या. मागून आवाज येत राहिला: एक, दोन, तीन. खांबापासून सरकत्या जिन्यापर्यंत एकशे अठरा. जिना उतरून फलाटापर्यंत चौऱ्याहत्तर. हॉटेलचं स्टेशन उल्जिरो साम-गा, ते सातवं. वैजयंताबाईंनी कानाडोळा केला. कान कुठे मिटता येतात?

सहा दिवस छान गेले. राजवाडा झाला, नदी झाली, भज्यांच्या जवळ जाणारं काहीतरी बाजारात उभं राहून खाऊन झालं. हिंदीसुद्धा तोडकंमोडकं बोलणाऱ्या वैजयंताबाई परक्या शहरात तीन-तीन गाड्या बदलून हिंडल्या आणि एकदाही चुकल्या नाहीत. त्यांना तर वयच कमी झाल्यासारखं वाटत होतं. मगदूम मात्र रोज सकाळी गाडीत शिरेपर्यंत मोजत यायचे आणि तिथं पट्टी लावली की गप्प व्हायचे.

"ते लावलं की पाय माझे राहत न्हाईत," ते एकदा म्हणाले. "आकडा सुटतो."

"सुटू दे की. आकड्याचं काय लोणचं घालायचंय?"

ते हसले. त्यांनी पट्टी लावून ठेवली.

बुधवारी दुपारी दोघं जाम्सिलचं तळं बघून हिरव्या लाइननं परतत होते. गाडी नदीवरून गेली तेव्हा मगदूम दारापाशी उभे राहून पूल बघत होते. वैजयंताबाईंना बसायला जागा मिळाली होती आणि त्यांचा जरा डोळा लागला. उल्जिरो आलं, मानेपाशी ओळखीचा हलका कल जाणवला, त्या उठल्या आणि उतरल्या. डावी मान ऊबदार होती. म्हणजे हे डावीकडंच.

"आज तेजूला फोन करायचाय," फलाटावरून चालता चालता त्या म्हणाल्या. "मी हो म्हणून सांगणार. तुम्ही आता मोडता घालू नका. बघा की, सहा दिवसांत एकदा तरी चुकलासा काय?"

उत्तर आलं नाही. सदतीस वर्षांच्या संसारात त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. त्या बोलत राहिल्या. दुपारच्या भातात मीठ नव्हतं हे सांगितलं, तेजूच्या सासूबाईंना काय न्यावं ते विचारलं, आपणच ठरवलं. हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन त्या किल्लीसाठी वळल्या.

मागे कुणी नव्हतं.

डावीकडं नव्हतं, उजवीकडं नव्हतं. डावी मान मात्र ऊबदारच. वाटाड्या छातीठोक सांगत होता की सदानंद मगदूम हातभर अंतरावर आहेत. वैजयंताबाई वेड्यासारख्या स्वतःभोवती फिरल्या, तर ऊबही तिथंच राहिली, डाव्या काखेत. डाव्या काखेत पर्स होती.

त्यांनी ती फुटपाथवरच पालथी केली. मगदूमांचा चष्मा, त्यांचा रुमाल, ओव्याची डबी, फोन. आणि पट्टी.

यात मगदूमांची काही लबाडी नव्हती. लग्न झाल्यापासून मगदूम अंगावरून जे काढायचे ते बायकोच्या पर्समध्ये टाकायचे. पूल बघताना पाय स्वतःचे हवे होते. पट्टी काढली आणि झोपलेल्या बायकोच्या मांडीवरच्या पर्समध्ये टाकली. यंत्र बनवणाऱ्यांनी हजार शक्यता तपासल्या असतील, पण त्यांच्यापैकी कुणाचीही बायको गडहिंग्लजची नसावी.

वैजयंताबाई धावत स्टेशनात परतल्या. मदतकक्षातली निळ्या गणवेशातली मुलगी, तिच्या छातीवर नाव होतं जी-उन, उठून बाहेर आली. तिच्या हातातलं भाषांतराचं यंत्र बातम्या दिल्यासारखं शुद्ध मराठी बोलत होतं.

"आदरणीय आजी, कृपया बसा. आपले पती सापडतील."

"अगं, बसते कसली! त्यांना विसरायला होतं. फोन माझ्याजवळ हाय. हॉटेलचं नावबी त्यांना येत न्हाई."

जी-उनचा चेहरा उतरला. तिनं काही बटणं दाबली आणि यंत्रातून सांगितलं: कॅमेऱ्यांतून चेहरा शोधायचा तर पोलिसांची परवानगी लागते, त्याला चाळीस मिनिटं लागतील. तोवर यंत्रणेचा अंदाज असा की असा माणूस जिथे चुकला तिथेच घोटाळतो, नाहीतर मागल्या ठिकाणी परततो. माणसं दोन्हीकडं पाठवली आहेत. आजींनी इथंच थांबावं.

वैजयंताबाई खुर्चीवर टेकल्या. डावी मान अजून ऊबदार होती. ती ऊब त्यांना सहन होईना. त्यांनी स्वतःची पट्टी ओरबाडून काढली आणि पर्समध्ये मगदूमांच्या पट्टीशेजारी टाकली. मग त्या रडल्या. परक्या मुलीसमोर, पदराऐवजी ओढणीत तोंड खुपसून, हमसून हमसून रडल्या. माणूस गेला तर आपण त्याच्याशी शेवटचं काय बोललो, भातात मीठ नव्हतं म्हणून, हेच त्यांच्या मनात येत होतं.

रडून झाल्यावर त्यांनी विचार केला. जिथे चुकला तिथे थांबणारा हा माणूस नाही. याची मोजणी चुकली तर हा काय करतो? तेहतीस वर्षं बांधाबांधावर काय करत आला?

"तो खांब," त्या उठल्या. "मी जाऊन येते. पोरी, तू इथं बस."

जी-उनला कक्ष सोडता येईना. तिनं एका कागदी नकाशावर विमानतळाची गाडी जिथं मिळते म्हणून त्यांनी सांगितलं त्या स्टेशनाभोवती पेनानं गोल काढून दिला आणि दोन्ही हातांनी तो पुढे केला.

फाटकातून आत आल्यावर वैजयंताबाईंना कळलं की आपल्याला काहीच माहीत नाही. सहा दिवस याच स्टेशनातून दिवसाला चारदा गेलो, आणि हा जिना वर जातो की खाली, हिरवी लाइन कुठल्या अंगाला, काहीही आठवेना. पहिल्यांदाच आल्यासारखं सगळं कोरं.

यालाही कारण होतं. मेंदूत कानांच्या पातळीला, आत खोल, करंगळीएवढा एक भाग असतो. त्यातल्या काही पेशी ठरावीक जागी आलं की जाग्या होतात. एक या वळणाला, दुसरी त्या दाराशी. माणूस बघतो, ठरवतो, चुकतो, परत फिरतो, तेव्हा त्यांची साखळी जुळते आणि डोक्यात वाट उमटते. वाटाड्या ठरवूही देत नाही आणि चुकूही देत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला 'डोक्याला विश्रांती' म्हटलं होतं. वैजयंताबाईंच्या धडधाकट डोक्यानं सहा दिवस विश्रांती घेतली होती. सोल शहराचा एक कोपराही त्यात उमटला नव्हता.

त्या मध्येच उभ्या राहिल्या. लोक दोन्ही बाजूंनी जात होते. डोळे मिटले तर आतून काही दिसेना. पण ऐकू आलं. पुटपुटणं. फाटकापासून चौऱ्याऐंशी. मग बावन्न पायऱ्या. मग सातवं स्टेशन. जो आवाज त्यांनी जन्मभर बंद करायला सांगितला, तो आत नीट लागून राहिला होता, सगळे आकडे जागच्या जागी. बालवाडीत तीस वर्षं पोरं मोजलेल्या बाईच्या कानातून आकडे तसे सुटत नाहीत म्हणा. वाटाड्या त्यांच्या डोळ्यांना गप्प करू शकला, नवऱ्याच्या आवाजाला नाही.

"एक," वैजयंताबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि पाऊल टाकलं.

गाडीत त्यांनी स्टेशनं बोटांवर मोजली. सातव्याला उतरल्या. आता उलटी मोजणी: आधी चौऱ्याहत्तर, मग जिना, मग एकशे अठरा. चौऱ्याहत्तर झाले आणि जिना आला नाही. त्यांनी मागं वळून फलाट बघितला. मग लक्षात आलं, यांची टांग केवढी आणि आपली केवढी. दहा-बारा पावलं पुढं जिना होता. वर आल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे अठरा झाले तिथं कुणी नव्हतं. त्यांनी मान वर केली.

थोडं पुढं, फिकट हिरव्या खांबाला टेकून, टवक्यावर तळहात ठेवून सदानंद मगदूम उभे होते. हरवलेली वस्तू सांभाळत कुणी उभं राहावं, तसे अगदी सरळ. बायको दिसल्यावर त्यांनी हात मात्र काढला नाही.

"कुठं गेलतीस गं?" त्यांनी विचारलं. "तू उतरलीस. मी हाक मारली. दार लागलं. तू माझ्याशीच बोलत चाललेलीस आणि मी आत."

वैजयंताबाईंनी त्यांचा दुसरा हात धरला. भर स्टेशनात त्यांनी तो गालाला लावला. असं त्यांनी घरातसुद्धा कधी केलं नव्हतं.

"हॉटेलचं नाव आठवेना," मगदूम सांगत होते. "तुझा नंबर आठवेना. तेजूचं गाव आठवेना. पण ही खूण आठवली. म्हटलं, तू येशील."

"मी येईन असं कशावरनं वाटलं? मी कुठं ऐकत होते तुमचं?"

"ऐकतीस गं तू," ते म्हणाले. "राग यायला ऐकावं लागतंय."

त्या रडता रडता हसल्या. जी-उनला कळवलं, फोनमधून तिचा आनंदाचा चीत्कार आला, त्याला भाषांतर लागलं नाही. मग लगेच तेजस्विनीचा फोन आला. संध्याकाळ होत आली होती.

"आई, काय ठरलं? मला कळवायचंय." वैजयंताबाईंनी झालेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "म्हणजे पप्पा दीड तास हरवले होते! बघ, हेच म्हणत होते मी. बसवूनच टाकूया."

मगदूम ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "बसवू दे तिला. तू अशी रडायला नकोस. मी आकड्याबिगर राहीन."

वैजयंताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. सकाळी त्या हेच वाक्य ऐकायला टपून बसल्या होत्या.

"तेजू," त्या म्हणाल्या, "ते हरवले नव्हते. ते जिथं असायला पाहिजे तिथंच होते. हरवले ती मी. कानाला यंत्र बांधून, पर्सशी गप्पा मारत."

"अगं आई, पण पुढं? रोग थांबणार आहे का?"

"न्हाई थांबणार. मला कळतंय बाई ते. ज्या दिवशी हे खुणेवर यायला विसरतील, त्या दिवशी मी स्वतः सही करीन, कुणाला विचारणार न्हाई. पण तो दिवस मी आजच ओढून आणणार न्हाई. पुण्याची ती तारीख दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं."

तेजस्विनी एवढंच म्हणाली, "पप्पांना चष्मा दे. पर्समध्येच असेल."

चष्मा पर्समध्येच होता. त्यांनी तो मगदूमांच्या डोळ्यांवर चढवला, ओढणीनं काचा पुसूनच. पट्ट्या आत तशाच राहू दिल्या. मग त्यांनी त्यांचा हात धरला.

"चला. जिन्यापर्यंत किती?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" मगदूमांनी टवक्यावरून हात काढला. "एक."

दोघं निघाले. त्यांच्या पावलात पाऊल मिळवायला वैजयंताबाईंना टांगा लांब टाकाव्या लागत होत्या, धाप लागत होती. कामावरून सुटलेल्या लोकांचा लोंढा समोरून आला. कुणीतरी मगदूमांच्या खांद्याला घासून गेलं. "पंच्याण्णव," ते म्हणाले. "शहाण्णव." आणि थांबले.

त्यांचे ओठ हलत राहिले, त्यातून काही निघेना. त्यांनी मागं बघितलं, पुढं बघितलं. खांब गर्दीत दिसेनासा झाला होता. वैजयंताबाईंच्या हातातला हात थंड पडत चालला.

"सत्त्याण्णव," वैजयंताबाई म्हणाल्या.

मगदूमांनी त्यांच्याकडं बघितलं.

"तू मोजत होतीस?"

"मग काय करणार? पाऊल टाका. सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव," मगदूम म्हणाले आणि पाऊल टाकलं. अठ्ठ्याण्णव दोघं मिळून म्हणाले. शंभराला त्यांचा हात पुन्हा गरम झाला. जिन्याच्या पहिल्या पायरीशी शेवटचं पाऊल पडलं, तेव्हा "एकशे अठरा!" हे दोघांच्या तोंडून एवढ्या मोठ्यानं गेलं की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि या खेपेला वैजयंताबाई अजिबात लाजल्या नाहीत.